रिकामा सोडलेला रकाना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे — गोष्ट सांगितलीय. पन्नास वेळा तरी सांगितली असेल, दादरच्या गच्च्यांवर, लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या सहलीत, आणि दर वेळी लोक पोट धरून हसलेत. पण जी सांगितली ती खोटी होती. खरी अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही.

आधी माझी ओळख करून द्यायला हवी, नाहीतर तुम्ही मला सरळ माणूस समजाल. मी गिरगावात वाढलो, आता दादरला राहतो, कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहून पोट भरतो, आणि स्वतःच्या फजित्या रंगवून सांगण्यात माझा हात कुणी धरणार नाही. साखरपुड्याच्या दिवशी सासऱ्यांच्या चपला घालून घरी आलो, ती गोष्ट. क्लायंटसमोर स्क्रीन दाखवताना बायकोचा ‘येताना कोथिंबीर आण, कालच्यासारखी सडकी नको’ हा निरोप मोठ्या अक्षरांत झळकला, ती गोष्ट. माणूस स्वतःवर हसतो म्हणजे तो प्रामाणिक असतो, असा लोकांचा समज आहे. मी तो कधी खोडून काढला नाही. कशाला काढेन? चार लहान चुका दिवाणखान्यात मांडून ठेवल्या की आतल्या खोलीत कुणी डोकावत नाही.

तर आतली खोली.

परळला एका मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एका ट्रस्टचं निवासस्थान आहे. बाहेरगावचे पेशंट महिनोन् महिने उपचारांसाठी येतात, त्यांना आणि सोबतच्या माणसाला तिथे खोली मिळते. खोल्या थोड्या, माणसं खूप, म्हणून प्रतीक्षा यादी. दहा-बारा दिवसांनी नंबर लागतो. तोवर लोक नातेवाइकांकडे राहतात, आणि ज्यांना नातेवाईक नाहीत ते समोरच्या फुटपाथवर. ही यादी चालवणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. फुकट लिहिला होता, समाजसेवा म्हणून — हेही मी बऱ्याच ठिकाणी सांगितलेलं आहे.

सकाळच्या काउंटरवर मेस्त्री मावशी असायच्या. लालबागच्या, मूळच्या कुडाळकडच्या. वय साठीच्या आसपास. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर या कामाला लागल्या त्या तिथेच राहिल्या. त्यांची स्मरणशक्ती म्हणजे काय होती — एकदा आलेला पेशंट दोन वर्षांनी परत आला तरी नाव, गाव, तालुका आणि कुठल्या वॉर्डात होता ते त्या न विचारता सांगायच्या. वर एक लांबट वही. कॉम्प्युटर आला तरी त्यांनी वही सोडली नाही. आधी वहीत, मग कॉम्प्युटरमध्ये. मी त्यावरून त्यांना पुष्कळ चिडवलं. ‘मावशी, एकाच माणसाचं लग्न दोनदा कशाला लावता?’ त्या म्हणायच्या, ‘सरानू, तुमच्या डब्याक वीज लागता. माझ्या वहीक नाय.’

त्यांना कॉम्प्युटर शिकवला मीच. एक दिवस त्यांनी विचारलं, ‘ह्या रकान्यात काय भरूचा?’ तो रकाना होता ‘स्थिती’ नावाचा. मी म्हटलं, तो रिकामा सोडा मावशी, तो आपोआप भरतो. आणि ते खरंच होतं. रिकामा सोडला की प्रोग्रॅम त्यात स्वतः लिहायचा — ‘प्रतीक्षेत’. दुपारच्या पाळीत चव्हाण होते, आधी बँकेत होते, ते प्रत्येक रकाना स्वतः भरल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. मावशी मात्र मी सांगितलं तसंच करायच्या. वर्षानुवर्षं.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी सांगितलं तसंच.

आता थोडं माझ्या धंद्यातलं सांगतो, कंटाळू नका. असे प्रोग्रॅम आम्ही शून्यापासून लिहीत नाही. एक तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. जगातली हुशार माणसं तो बनवतात आणि आमच्यासारखी त्यावर भिंती बांधतात. माहिती साठवायच्या तक्त्यात आपण जो-जो बदल करतो — आज हा रकाना वाढवला, उद्या तो काढला — त्याची एकेक छोटी फाइल ठेवायची. तिला मायग्रेशन म्हणतात. या फाइली पहिल्यापासून क्रमाने चालवल्या की कुठल्याही कोऱ्या मशीनवर तसाच्या तसा तक्ता उभा राहतो.

फ्रेमवर्क बनवणाऱ्यांनी पुढे या फाइली लिहिण्याचे नियम बदलले. जुन्या पद्धतीत काही गोष्टी न सांगता गृहीत धरल्या जायच्या. त्यातलीच एक म्हणजे रिकाम्या रकान्यात पहिला पर्याय, आमच्या यादीत ‘प्रतीक्षेत’, आपोआप बसणं. नव्यात जे हवं ते स्पष्ट लिहायचं, नाहीतर रिकामं ते रिकामं. पण त्यांनी जुनं एकदम तोडलं नाही. एका आवृत्तीत पिवळ्या अक्षरांत सूचना: ही पद्धत जुनी झाली, पुढे काढून टाकणार आहोत. पुढच्या आवृत्तीत तीच सूचना जास्त ठळक, कुठल्या फाइलीत कुठल्या ओळीवर ते सांगून. इतकी अदबीने दिलेली नोटीस मला माझ्या सोसायटीनेही कधी दिलेली नाही.

मी काय केलं? सूचना दिसू नयेत अशी एक ओळ असते, ती लिहिली. पिवळं सगळं गेलं. स्क्रीन कशी स्वच्छ, सुंदर. दोन वर्षं.

मग ट्रस्टचा सर्व्हर बदलायची वेळ आली. नव्या सर्व्हरवर नवीच आवृत्ती चालणार, आणि तिच्यात जुनी पद्धत खरोखरच काढून टाकलेली होती. आता एकेक फाइल उघडायची, जुन्या नियमाने काय गृहीत धरलं होतं ते वाचायचं आणि नव्या भाषेत स्पष्ट लिहायचं — दीडेकशे फाइली, तीन-चार दिवसांचं काम. शुक्रवार होता. चार वाजता मंजिरीला, म्हणजे बायकोला, हिंदमाताला भेटायचं होतं. तिच्या मावसबहिणीच्या लग्नाच्या साड्या. मी सगळ्या फाइलींवर एका झटक्यात नव्या आवृत्तीचा शिक्का मारला. शोधा आणि बदला. एकही फाइल उघडून वाचली नाही. माझ्या लॅपटॉपवर चालवून पाहिलं, चाललं. का नाही चालणार? तपासायला म्हणून मी भरलेल्या खोट्या नोंदींत सगळे रकाने भरलेले होते. चारला पाच कमी असताना मी हिंदमाताला हजर. मंजिरी म्हणाली, ‘आज सूर्य कुठे उगवला?’

इथपर्यंत — बघा, अजून हसता येतंय ना? इथपर्यंतची ही माझी नेहमीचीच गोष्ट आहे. आळशी माणूस, साड्या, शिक्का. हे मी कुणालाही सांगितलं असतं. चूक अशी असती तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

नवा सर्व्हर सुरू झाला. जुन्या नोंदी भरलेल्याच होत्या, त्या नीट दिसत होत्या. चव्हाणांच्या नव्या नोंदी दिसत होत्या. मावशींच्या नव्या नोंदी तक्त्यात जात होत्या, पण यादी फक्त ‘प्रतीक्षेत’ लिहिलेल्यांची दाखवायची. आणि मावशींचा रकाना रिकामा. नाव आत होतं, पण यादीत येत नव्हतं. तीन आठवड्यांत अशी अकरा नावं गेली. दहा जणांचा नंबर यायला अजून वेळ होता. एकाचा येऊन गेला.

त्यांचं नाव टेमकर. वेंगुर्ल्याकडचे, बायकोला उपचारांसाठी घेऊन आलेले. नंबर लागायच्या दिवसापासून रोज सकाळी ते काउंटरवर यायचे, मावशी स्क्रीनवर बघायच्या, नाव नसायचं. मावशींनी मला फोन केला. ‘सरानू, टेमकरांचा नाव वर येणा नाय. मी घातलेला.’ मी गाडी चालवत होतो. म्हटलं, मावशी, पान पुन्हा उघडा, येईल. दोन दिवसांनी परत फोन. मी म्हटलं, बघतो. बघितलं नाही. टेमकर आणि त्यांची बायको सोळा दिवस फुटपाथवर होते — प्लास्टिक अंथरून, औषधांची पिशवी उशाला घेऊन. त्यांच्यामागून आलेल्या लोकांना खोल्या मिळाल्या. शेवटी हॉस्पिटलच्या समाजसेविकेने ट्रस्टकडे लेखी तक्रार केली. धुरंधर बाईंनी — त्या ट्रस्टच्या अध्यक्ष, माटुंग्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या — त्याच दिवशी टेमकरांना खोली दिली आणि दुसऱ्या दिवशी चौकशी लावली. मला फोन: नोंद केव्हा झाली होती ते पाहून या.

मी पाहिलं. चार मिनिटं लागली. रिकामे रकाने ओळीने उभे होते, अकरा, आणि प्रत्येकासमोर नोंद करणारीचं नाव. टेमकरांची नोंद मंगळवारची, ते आले त्याच दिवशीची. गाव, तालुका, वॉर्ड — सगळं बरोबर, एक अक्षर चुकलेलं नाही.

काय करायला हवं होतं ते मला कळत नव्हतं का? कळत होतं. एक वाक्य होतं: बाई, चूक माझी. त्या मला काय करणार होत्या? पगार थोडाच होता कापायला? फार तर म्हणाल्या असत्या, अहो, जरा लक्ष देत जा. आणि मी महिनाभरात त्याचीही गोष्ट केली असती.

पण — त्या बाई मला फार हुशार समजायच्या. आणि समाजसेविकेच्या पत्रात फुटपाथ होता, प्लास्टिक होतं, टेमकरांच्या बायकोच्या अंगातला ताप होता. हे सगळं माझ्या नावापुढे लिहिलं जाणार, हे मला सोसेना. ह्यात विनोद निघत नव्हता. एवढंच. याहून मोठं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

दहा रकान्यांत मी ‘प्रतीक्षेत’ भरलं. प्रोग्रॅम दुरुस्त केला, यावेळी फाइल उघडून, वाचून. आणि अकरावी नोंद — टेमकरांची — ती राहिली असती तर तारीख बोलली असती. मग सोळा दिवस ती दिसली का नाही, हा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर मी होतो.

ती नोंद मी पुसली.

स्वयंपाकघरात मंजिरी पोहे करत होती, फोडणीचा वास येत होता. मी हात धुतले. का धुतले, कुणास ठाऊक. मग आत जाऊन पोहे खाल्ले, वर लिंबू मागून घेतलं. आज तो दिवस आठवला की मला सगळ्यात जास्त शिसारी येते ती त्या लिंबाची. भूक लागली होती मला.

चौकशीला आम्ही तिघंच होतो. मावशी वही घेऊन आल्या होत्या. त्यांनी ती उघडून टेमकरांच्या नावावर बोट ठेवलं. धुरंधर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये अशी नोंद नाही.

‘घातलंय मी,’ मावशी म्हणाल्या. ‘त्याच दिवशी घातलंय, बाई. सरांका फोन पण केलेला.’

‘फोन आला होता,’ मी म्हटलं. ‘तेव्हाही मी बघितलं होतं. नाव नव्हतंच.’

आणि मग मी वहीकडे बोट दाखवलं. म्हटलं, वहीत लिहिलं म्हणजे काम झालं असं वाटलं असेल, कॉम्प्युटरमध्ये भरायचं राहिलं असेल. दोन ठिकाणी लिहायचं म्हटलं की असं होतं.

त्यांची बाजू सांभाळणारी एकच गोष्ट त्या घेऊन आल्या होत्या. तीच मी त्यांच्यावर उलटवली, आणि तेही किती सहानुभूतीच्या सुरात. मावशी वहीकडे बघत राहिल्या. भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला राग तरी आला असता. त्या फक्त पान मागे-पुढे करत होत्या, जणू काही दुसऱ्या पानावर त्यांना त्या मंगळवारचं उरलेलं सापडणार होतं.

आणि मी थांबलो नाही. मी त्यांची रदबदली केली. म्हटलं, बाई, एवढ्या वर्षांत पहिली चूक आहे, वयाचा विचार व्हावा, कामावरून काढू नका. धुरंधर बाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, ‘तुमच्यासारखी माणसं कमी झाली आहेत.’

मावशींना काढलं नाही. काउंटरवरून हलवून आत चादरी-उशा मोजायला बसवलं. तिथे कुणाचं नाव-गाव विचारायचं नसतं. पाच-सहा महिन्यांनी त्यांनी स्वतःहून काम सोडलं.

इथे माणूस गप्प बसेल की नाही? मी याची गोष्ट केली. ‘वहीवाली मावशी’. नाव बदललं, हॉस्पिटल बदललं, फुटपाथ अजिबात गाळला. एक म्हातारी, तिची वही, कॉम्प्युटरवरचा राग, आणि शेवटी ‘तुमच्या डब्याक वीज लागता’ — तिच्याच बोलीत, तिच्याच आवाजात, मान तशीच हलवून. हशा ठरलेला. मित्र आग्रह करायचे, अरे, ती वहीवाली सांग ना. एकदा एका मित्राची आई तिथे होती, देवगडची. सगळे हसत होते, ती हसली नाही. तिने विचारलं, ‘मगे त्या बायेचा काय झाला?’ मी म्हटलं, मजेत आहेत. नातवंडं खेळवतात.

मला काहीएक माहीत नव्हतं.

मागच्या महिन्यात मावशींचा फोन आला. चाळीचा पुनर्विकास पूर्ण झाला, अठराव्या मजल्यावर जागा मिळाली, वास्तुशांत आहे, दोघांनी यायचं. मी मंजिरीला घेऊन गेलो. का गेलो? सांगून टाकावं असं मनात होतं, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. तसं नव्हतं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

घर भरलेलं होतं. मावशी बारीक झाल्या होत्या. त्यांनी माझा हात धरून मला सगळ्यांसमोर उभं केलं. ‘हेच ते सर. माझ्या हातसून एवढी चूक झाली, पण ह्यांनी माझी लाज राखली. हे होते म्हणान मी कामार रवलंय.’ व्याही उठून माझ्या पाया पडायला आले. मी त्यांना वरच्यावर धरलं आणि ‘अहो, असं काय’ म्हटलं. ते मला छान जमतं.

जेवताना त्यांची सून मंजिरीशेजारी बसली होती. हसत हसत सांगत होती — आईंचं आता काही खरं नाही. गॅस बंद केला का ते तीनदा बघतात. दाराचं कुलूप लावून खाली जातात, लिफ्टने परत वर येतात. नातीला शाळेतून आणायला जा म्हटलं तर जात नाहीत. रस्ता दोन मिनिटांचा आहे, पण म्हणतात मी पोरीला विसरून येईन. ‘डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही, सगळं नॉर्मल आहे. पण ऐकतील तर ना.’

मावशी वाढत होत्या. त्यांनी ते ऐकलं. म्हणाल्या, ‘अगो, माणसाक एकदा कळला ना आपला डोक्या दगा देता, मगे इसवास ठेवूचो कसो? त्या माणसाक मी सोळा दिवस रस्त्यार ठेवलंय. मी बसून आठवतंय, आठवतंय — माका दिसता ना गो, मी नाव घालतंय ता. बोटां दिसतत. म्हणजे बघ, नाय केलेला पण केला म्हणान दिसता.’ आणि माझ्या पानात पुरी वाढली. ‘सरानू, घेवा. लाजा नको.’

मी ती पुरी खाल्ली.

तेव्हा बोलता आलं असतं. सून होती, मुलगा होता, व्याही होते, सगळ्यांसमोर. मावशी, तुम्हाला दिसतं ते खरं आहे, बोटं तुमचीच, नाव तुम्ही घातलं होतं — दोन वाक्यं. मी श्रीखंड किती आंबट-गोड झालंय त्याबद्दल बोललो. लोक हसले.

लिफ्टमध्ये मंजिरी म्हणाली, ‘किती मानतात रे तुला.’

नात दुपारी साडेबाराला सुटते. शेजारची बाई तिला आणते, आपल्या मुलाबरोबर. मावशी त्या वेळी अठराव्या मजल्यावरच्या खिडकीत उभ्या राहून खाली बघतात, असं सून म्हणाली होती. डोकं शाबूत असलेली बाई. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही तिला ओळखत नाही.